विटांचे थर

अजूनही कुठल्या भिंतीपाशी उभा राहिलो
की आपोआप ओठ हलू लागतात.
नातू विचारतो, आजोबा, कुठल्या देवाचं नाव घेता?
मी म्हणतो, मोजतोय रे.

प्लातैआ आमचं गाव.
त्याभोवती स्पार्टावाल्यांनी आणखी एक गाव वसवावं
तशी भिंत घातली. एक नव्हे, दोन,
मधल्या जागेत त्यांच्या खोल्या, चुली, हसणं.
रात्री वारा फिरला की त्यांच्या कालवणाचा वास यायचा.
ती शिक्षा उपाशी राहण्यापेक्षा वाईट होती.

वेढ्याचा दुसरा हिवाळा.
सातू मापाऐवजी मुठीने मिळू लागलेला,
आणि मूठ मेलितोची, लहान.

कुणीतरी म्हणालं, भिंत ओलांडू.
शिडी किती उंच हवी?
दोरी घेऊन मोजायला कोण जाऊ देणार तिकडे!
पण आमच्या बाजूला एक पट्टा
गिलावा न लावता तसाच राहिला होता.
तिथले थर मोजा, लांबून, सगळ्यांनी, पुन्हा पुन्हा.
एक चुकेल, दहा चुकतील,
पण सगळे मिळून एकाच आकड्यावर चुकणार नाहीत.

माझे छत्तीस यायचे.
शेजारी सामिखोस डोळे बारीक करून म्हणायचा, सदतीस.
खालचा एक थर चिखलात बुडालाय, तो धर.
कुठाय? मला दिसत नाही.
दिसत नाही म्हणून नाही का?
एका थरावरून आम्ही असे भांडलो
जसं बांधावरून भाऊ भांडतात.
त्याचा बाप कुंभार. म्हणे, मातीचं मला सांगू नकोस.
माझा मेंढपाळ. म्हटलं, मोजण्याचं मला सांगू नकोस.

बहुतेकांचा आकडा छत्तीस निघाला.
इतका आनंद मला पुढे कुठल्या लढाईत झाला नाही.

मग ती रात्र. पाऊस, त्यात हिमाचे कण.
निम्मे लोक आधीच मागे फिरले होते.
सामिखोसही.
भीती वाटते असं तो म्हणाला नाही.
म्हणाला, शिडी एका विटेने अपुरी आहे.

आम्ही फक्त डाव्या पायात चप्पल घातली होती,
उजवा पाय उघडा, चिखलात रुतवायला.
ढालीला ढाल लागू नये म्हणून दूर दूर चाललो.
माझी पाळी आली. चढलो.
शेवटच्या पायरीवर उभा राहून हात वर केला
तर हाताला काठ लागेना.
बोटं ताणली. टाचा उचलल्या.
एक वीट.
बरोबर एक वीट.

कोपरांनी कसा ओढला गेलो वर, आठवत नाही.
कुणाच्या तरी हाताने कौल निसटलं, खाली खळ्ळकन वाजलं,
मग आरोळ्या, मशाली.
बाहेरच्या खंदकात पाणी छातीपर्यंत,
वर बर्फाचा पापुद्रा, उभं राहण्याइतका जाड नाही
आणि फुटण्याइतका पातळ नाही.
शत्रूच्या गावाकडेच जाणारी वाट आम्ही धरली,
कारण तिकडे आम्हाला कोण शोधणार?
मागे डोंगराच्या वाटेवर त्यांच्या मशाली
आम्हाला शोधत चढताना दिसत होत्या.

अथेन्सला पोचलो तेव्हा अंगठ्याचं नख नव्हतं.

उन्हाळ्यात गाव पडलं.
म्हणतात, न्यायाधीश आले, आणि एकेकाला
पुढे बोलावून एकच प्रश्न विचारला:
या युद्धात तू आमचं काही भलं केलंस?
सामिखोस काय म्हणाला असेल?
तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.
मेलितो कुठल्या बाजारात विकली गेली, कळलं नाही.

पण मला झोपू देत नाही ते वेगळंच.
आम्ही सुटलो, ही बातमी आत पोचली होती.
म्हणजे सामिखोस समजला असणार
की शिडी पुरली.
की थर छत्तीसच होते.
आणि तो उन्हाळ्यापर्यंत, रोज,
त्या उघड्या पट्ट्याकडे बघत
पुन्हा मोजत बसला असणार,
आपलं कुठे चुकलं ते शोधत.

नातू आता माझ्याबरोबर मोजतो.
अंगणाची भिंत. मी म्हणतो अकरा.
तो खाली वाकतो, नखाने माती उकरतो,
आणि म्हणतो, थांबा.