सर्वसाधारण

सकाळी दहाला ओल्या फडक्यानं फळा पुसतो.
कालचा भाव पुरता जात नाही.
तुरीच्या साताच्या जागी आज सहा लिहितो
आणि सात खालून बघत राहतो.

कारंज्याच्या यार्डात माझं काम तीन रकान्यांचं:
कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण.
मधे लाल आकड्यांचा बोर्ड लागला होता,
चिमण्यांनी त्यात घर केलं.
आता त्याच्यावर फक्त आठ पेटतो, रात्रंदिवस,
म्हणून पुन्हा खडू.

पहिल्या दोन रकान्यांचे धनी मला दाखवता येतात.
तो डागी मालवाला, खाली मान घालून बिडी पेटवणारा.
तो टपोऱ्या दाण्याचा, पट्टी खिशात ठेवून
पुन्हा काढून वाचणारा.
सर्वसाधारण भाव मात्र एकोणीस वर्षांत
नेमका कुणाच्या पट्टीवर पडला,
मी शोधलं, सापडला नाही.

लिलावात राठींचा मुनीम
सोयाबीनचा एक दाणा दाताखाली धरतो.
कट् वाजलं तर बारा, नाहीतर चौदा मॉइश्चर;
यंत्र मागून येतं, तेच सांगायला.
त्याच्या दुसऱ्या हातात फोन,
फोनमध्ये कुठलंसं बंदर.
तिथला पाऊस उघडला म्हणे, जहाज भरू लागलं.
जहाज भरू लागलं की इथे शंभर रुपये उतरतात,
आणि ढिगाजवळचा कामरगावचा माणूस
आभाळाकडे बघतो.
आभाळ स्वच्छ आहे. त्याचा काही संबंध नाही.

दहावीला मी भूगोलात नापास.
आता ब्राझीलात कधी पेरतात, कधी सोंगतात,
झोपेतून उठवून विचारा.
पामतेलाचा कर कमी झाल्याची बातमी आली
की खडू उचलायच्या आधीच खांदा पडतो.

दुपारी लिलाव उठला की बाया शिरतात,
हातात फडा, काखेत गोणपाट.
सांडलेलं, चाकाखाली चेपलेलं,
माती, खडे, दाणे: मातेरं.
अंजिराबाई तायडे त्यांच्यात सगळ्यात जुनी.
ती मला भाव विचारत नाही.
"आज पडलं ना सोयाबीन?"
कसं कळलं?
"हमाल पाह्य ना. भाव पडला का पोतं जड होते."

एकदा म्हणाली, तूर चढन, आठ दिवसांत.
मी हसलो. माझ्याकडे चार मंड्यांचे आकडे होते.
"सांडतच नाही राह्यली, भाऊ.
पयले पोतं फाटलं तं फाटलं.
आता मुनीम दाभण घेऊन बसते."
आठ नाही, अकरा दिवस लागले.

परवा ती फळ्यापुढे उभी राहिली.
वाचता येत नाही, पण रकाने मोजता येतात.
"मातेऱ्याचा भाव काऊन नाही लिवत?"
मी म्हणालो, त्याची आवक नसते.
"मी आली, ते काय हाय मंग?"

बाकीच्या बाया त्या दिवशी लग्नाला गेलेल्या.
एकटीनं झाडलं, पाखडलं, नऊ किलो भरलं.
कोंबड्यांचा खुराक करणारा मुनाफ चौदा म्हणाला.
ती गोणपाटावर बसून राहिली.
पानपुडा सोडला, सुपारी कातरली, पुन्हा बांधला.
त्यानं गाडी चालू केली, बंद केली.
बावीसला सुटलं.

मी खुर्चीवर चढलो. हरभऱ्याखाली जागा होती.
सचिव खिडकीतून ओरडले, काय लिहितोस रे?
मातेरं, साहेब.
आवक किती?
नऊ किलो.
थोडा वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, क्विंटलमध्ये लिही.

शून्य पूर्णांक शून्य नऊ.
कमीत कमी बावीसशे.
जास्तीत जास्त बावीसशे.
तिसऱ्या रकान्याशी हात थांबला.
खाली अंजिराबाई नोटा मोजत होती, दोनदा,
वर बघून म्हणाली, लिव ना,
खडू सरला का?