कुत्र्याचा वाटा

फ्रिज लेकीला द्यायला घेतलेला.
तिकडच्यांनी आधीच मोठा आणला,
म्हणून आमच्याकडेच राहिला.
जांबोटीच्या वरच्या अंगाला, आमच्या नऊ घरांत
बर्फ धरणारा तेवढाच एक.

म्हणून तर रात्री अडीचला मागचं दार वाजलं
आणि मष्णू म्हणाला, वहिनी, जागा कर.

रानडुकराचं मटण धुवायचं नाही.
पाणी लागलं की वास धरतं.
पुसायचं जुन्या धोतराच्या फडक्यानं,
चरबी निराळी, हाडं निराळी,
एका वेळी शिजेल तेवढंच एका पिशवीत,
मग पिशवीला तोंड लावून
आतली हवा ओढून घ्यायची.
तोंडात रान येतं थोडं.

सासू हळद-मीठ चोळून चुलीवर टांगायची,
वाखाच्या दोरीला, पाऊस सरेपर्यंत.
आता धुराचं काम हेस्कॉम करतं.
जमेल तेव्हा.

पिशव्यांना दोरे बांधले.
लाल, ज्यानं बार काढला त्याचा.
हिरवे हाकाऱ्यांचे. पांढरा सातेरीचा.
काळा भुंग्याचा.

भुंग्या परत आला नव्हता.
सुळा बरगडीत गेला, म्हणाले,
अंजनीच्या बुडात पुरला.
पण पडलेला वाटा मोडत नाहीत.

चौथ्या दिवशी नवा गार्ड आला, धारवाडकडचा.
नीर कोडरी अक्का, म्हणाला.
फ्रिज उघडला. वरच्या खणाचं झाकण नीट बसत नाही,
फटीतून लाल दोरा लोंबत होता.
तो पाणी प्याला, सगळा तांब्या,
आणि डुकरांनी यंदा भात किती खाल्लं ते विचारलं.
अर्धं, म्हटलं.
वहीत काहीतरी लिहून गेला.
मला कन्नड बोलता येतं,
वाचता येत नाही.

पुढं तारेवर झाड पडलं. तीन दिवस लाईट नाही.
घराघरातून माणसं आली, आपापला रंग घेऊन गेली,
त्या रात्री गल्लीभर एकच वास,
आणि कुणी कुणाला विचारलं नाही
आज काय केलंय.

काळा दोरा तेवढा उरला.
पिशवी हाताला मऊ लागली, खाली गुलाबी पाणी.
मष्णूला हाक मारली. तो उंबऱ्याबाहेरूनच
नको म्हणाला, बिडी न पेटवताच गेला.

लाईट आली पहाटे. फ्रिज खोकला, सुरू झाला.
एकदा सुटलेलं परत गोठवू नये,
हे मलाच ठाऊक आहे सगळ्यांत जास्त.

पिशवी पुसली.
परत वर ठेवली.