गोपनीय अहवाल

सरकार,
तुम्ही तेव्हा तीन वर्षांचे होता, मी तेवीसचा.
तुमच्याकडे कागद नव्हता.
सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत
जुन्या राजाचा मुकुट छापलेले ताव
आम्ही उलटे करून वापरायचो;
उजेडाला धरले की
आपल्या मतदाराच्या नावातून मुकुट दिसायचा.

वर्षाखेर साहेब माझ्यावर दोन ओळी लिहीत,
पाकीट लाखेने बंद करत.
तुमच्यावर तशा कुणी लिहिल्या नाहीत.
आता पेन्शनीत वेळ आहे, म्हणून मी लिहितो.
लाख नाही. डिंकाने चिकटवीन.

नवतपा होता. खिशात कांदा, डोक्यावर ओला दुपट्टा,
टांडापेठेत दारोदार मी:
एकवीस पूर्ण कोण कोण?
तुमचा हुकूम साधा होता,
जमीन विचारू नका, सही येते का विचारू नका,
फक्त वय आणि नाव.
खरं सांगतो, तो वाचताना माझा हात थरथरला.
मोठमोठ्या मुलखांनी जे शंभर वर्षं मोजून मापून दिलं
ते तुम्ही एका दमात देऊन टाकलं,
कागदाला पैसे नसताना.

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली बाई.
"नाव?"
"डोमाची माय."
"तुमचं स्वतःचं."
धोटा थांबला नाही.
"काहून पायजे तुले? साऱ्या पेठेले ठाऊक हाये
डोमाची माय कोन थे."
मग हसली.
"लिहाचं त सुताचं परमिट कधी येते थे लिही.
सहा महिने झाले."
परमिटचा रकाना माझ्या फॉर्मात नव्हता.

लिहिलं: डोमाची माय, वय अंदाजे बेचाळीस.
पुढे वरून कागद आला,
स्वतःचं नाव न सांगणाऱ्या बायांची नोंद कमी करावी.
तुमचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही;
कुणाची तरी माय म्हणून मत देता येत नाही.
पण पट्टी धरून लाल शाईची रेघ मी मारली.
एका दुपारी एकशे चौदा.
टांडापेठ सायकलने वीस मिनिटांवर.
जा, असं कुणी म्हणालं नाही.
जाऊ का, असं मी विचारलं नाही.
(इथे तुमच्या अहवालात माझा मिसळतो. क्षमस्व.)

मतदानाला ती आली, निळं लुगडं, सोबत डोमा.
यादीवरून बोट वर गेलं, खाली आलं.
"नाव नाही, बाई."
"म्या सांगतलंच नाई, त अशीन कसं?"
भांडली नाही. शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसून राहिली,
आणि डोमा बाहेर आल्यावर
त्याच्या बोटावरची शाई पदराने घासून पाहिली.
"रंग पक्का हाये," म्हणाली.
कोष्ट्याच्या घरातली बाई, तिला कळणारच.

छप्पनच्या नोव्हेंबरात राजधानी गेली.
फायली ट्रकांवर चढल्या, काही भोपाळला, काही मुंबईला;
जिन्यात टाचण्या उरल्या.
सुताची फाईल कोणत्या ट्रकात होती
मला शेवटपर्यंत कळलं नाही.
तुम्हाला कळलं असेल, असंही वाटत नाही.

'बढतीस पात्र आहे काय' हा रकाना
मी तीनदा लिहून तीनदा खोडला आहे.

एवढंच नोंदवतो, की सत्तावनच्या याद्या निघाल्या
तेव्हा टांडापेठ मी मागून घेतली.
तोच खड्डा, तोच माग.
मी झोळीतून फॉर्म काढेपर्यंत ती बोललीसुद्धा,
जरा अडखळत,
ठेवणीतलं भांडं कोनाड्यातून काढावं तसं:
"कौतिका."
धोटा हातात धरून बसली.
"वाचून दाखव."
वाचून दाखवलं. मान हलवली.
"नि परमिट?"

रकाना अजूनही नव्हता.
मी समासात लिहिलं.