आतला गंज

दारूखान्यात, बंदराकडच्या शेडमध्ये
बावतीसमामा नळीला कान लावतो,
वर हातोडीची टिचकी.
"ठण्ण म्हणाली तर जिवंत.
ही ऐक. थप्प."

बाहेरचा गंज भोळा,
वायर ब्रशखाली तासाभरात कबूल होतो.
आतला मात्र
वेल्डिंगच्या दिवशीच कोंडलेली दमट हवा,
वीस वर्षं कुणाशी बोललेली नाही.

मामा बारीक भोक पाडतो,
कोमट जवसाचं तेल ओततो.
मग गाडीचा अख्खा सांगाडा
आम्ही दोघं पालथा-उताणा करतो
न्हाऊमाखू घालताना बाळाला करतात तसा,
निथळू देतो,
भोकात स्क्रू.

रेड ऑक्साईडच्या बोटांनी चहा पिताना विचारलं,
सगळीकडे पोचलं हे कळतं कसं?

"नाही कळत," म्हणाला,
आणि स्क्रू काढून
डबा परत शेगडीवर ठेवला.