तयार व राजी

खळदकरांनी इसाराचा चेक परत पाठवला कुरियरने,
सोबत चिठ्ठी : "मुलगा नको म्हणतोय."
मुलगा कसला, मेट्रो म्हणतेय.
वनाजच्या पुढे भाव कुठच्या कुठे गेलेत.

तांबोळी वकीलबाई म्हणाल्या, वटवू नका.
साठेखत रजिस्टर आहे ना?
मग दाव्यात एक वाक्य लागतं :
वादी सदैव तयार व राजी होती व आहे.

सही केली.
बँकेचं मंजुरीपत्र जोडलं.
पडद्यांची मापं जोडायची नसतात म्हणे,
ती पर्सच्या आतल्या कप्प्यात :
स्वयंपाकघराची खिडकी, साडेतीन बाय चार.

शिवाजीनगर कोर्टात तारीख पडली, मग दुसरी.
जिन्यात खळदकर दिसले,
गुडघा धरून, एकेक पायरी.
मी हात दिला.

दावा मागे घेतलेला नाही.