खटला क्रमांक चारशे बारा

तळघरात हीटर ठोके देतो, थांबतो, पुन्हा देतो.
डार्लीन वर कॉफी आणायला गेली आहे.
माझ्यापुढे अठराशे चौऱ्याण्णवचा जानेवारी,
लाल फितीत बांधलेला.
फीत सोडली की बोटांना गंज लागल्यासारखा रंग येतो.

राज्य विरुद्ध ओटिली ग्राबनर.
वय एकतीस. धंदा, लोकांचं धुणं.
आरोप: रेल्वेच्या आवारातून कोळसा, अर्धं पोतं,
किंमत बावीस सेंट.

कारकून लेम्युएल थॉर्न. अक्षर देखणं,
ओळ कुठे म्हणून ढळत नाही.
ग्राबनर मात्र त्यानं तीन तऱ्हांनी लिहिलंय
आणि तिन्ही चुकल्यात.

पहारेकरी पावणेदोन पानं बोलतो:
बर्फातले ठसे, पोत्याला पडलेलं भोक,
तिथून तिच्या उंबऱ्यापर्यंत
सांडत गेलेला काळा चुरा.
तिची साक्ष एका ओळीची, दुभाष्यामार्फत.
थंडी होती.

त्याखाली टाचलेली पावती ज्यूरीच्या जेवणाची.
बारा जणांना हॅम, पाव, व्हिनेगरमधली काकडी, ॲपल पाय,
चार डॉलर वीस सेंट.
एकानं पाय दोनदा घेतला, तोही मांडलाय.

दोषी.
दंड एक डॉलर, खर्च वेगळा.
पुराव्यातला कोळसा कंपनीला परत,
सही घेऊन.

योसेफ ग्राबनर दुसऱ्या खोक्यात आहे,
मी काही त्याला शोधत नव्हते.
ब्रेकमन. दोन डब्यांच्या मधे.
बायकोचा दावा फेटाळला: मयताचीच हयगय.
इथे आडनाव बरोबर आहे,
पगारपत्रकावरून उतरवलं असणार.

मी चारशे बाराकडे परत येते. कागद उलटते.
मागे थॉर्ननं टाक चालवून पाहिलाय,
वेटोळी, वेटोळी,
मग एक बदक, बऱ्यापैकी जमलेलं,
आणि बदकाच्या पायाशी बेरीज:
एक, अधिक तीन चाळीस.
खाली रेघ. रेघेखाली 'भरले'.
कुणी, ते नाही.
शाई इतकी उडालीय की दिव्याखाली तिरका धरावा तेव्हा दिसतं.

यंत्राला काहीच दिसत नाही.
विचारतं, पान कोरं आहे, वगळायचं?

दूध संपलंय गं, डार्लीन जिन्यातून ओरडते,
काळीच चालेल ना?

चालेल, मी म्हणते,
आणि 'नाही'वर बोट ठेवते.