उन्हात साखळी वाढते

जळगाव ते हैदराबाद:
पाचशे दहा किलोमीटर, एक तास पंचवीस मिनिटं.
मी फोनवरचं वाचून दाखवलं
तेव्हा उखामामा खाटेवर वाळत घातलेल्या बिबड्या
राखत बसला होता.
"सरळ रेघमा?" त्यानं विचारलं.

हो मामा, सरळ रेघेत.

तो हसला. एकतीस वर्षं
पारोळ्याकडची शिवारं त्यानं साखळीनं मोजली,
सरळ रेघ म्हणून एकही भेटली नाही.
निंबाला वळसा, विहिरीला वळसा,
एका बांधावर तर दोन भावांच्या अबोल्याला वळसा;
नकाशात तिथे नुसताच एक कोन आहे.

"आनि महिना कोणता?"
मे, मी म्हटलं.
मग नव्या शिपायाला समजवावं तसं त्यानं सांगितलं:
उन्हात लोखंड वाढतं,
कडीकडीनं, केसभर.
वाढलेल्या साखळीनं मोजलं
की जमीन कमी भरते.
म्हणून भर दुपारचे आकडे तो पेन्सिलीनं लिहायचा,
शाई सकाळसाठी ठेवायचा.

मी दरसाल मे महिन्यातच येते.
हे तो बोलला नाही. मीही नाही.

"येक घंटा पंचवीस मिनिट..."
त्यानं बोटांवर घोळवून पाहिलं.
"मंग इतला दिन कसाले लागनात तुले?"

कुसुंब्याला, विमानतळाच्या पट्ट्यावरून
कळण्याचं पीठ गेलं, बिबड्या गेल्या,
भरताची वांगी गेली,
आणि खिळा अडकला.
साखळीचा, वीतभर, डोक्याला कडी,
मामीच्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून
मामानं न सांगता पिशवीत घातलेला.

तपासणीवरची मुलगी माझ्याहून लहान होती.
हे काय?
मोजणीचा खिळा, मी म्हटलं,
साखळी संपते तिथे रोवायचा,
पुढची साखळी तिथूनच धरायची.
तिनं तो दोनदा उलटून पाहिला.
"टोकदार आहे हो," जरा ओशाळूनच म्हणाली,
"बाहेर कोणी आहे का घ्यायला?"

होता.
काचेपलीकडे, टोपीनं वारा घेत.

पंख्याच्या पात्यांआडून केळीचे चौकोन दिसले,
मग वाघूरचं पाणी, एक नखाएवढं,
मग काहीच नाही, साधा ढगसुद्धा नाही.
शेजारच्या माणसाची डुलकी पुरती झाली नाही
तोच पट्टे बांधायला सांगितलं.

उतरल्या उतरल्या फोन लावला.
पलीकडे एसटीचा खडखडाट, कुणाचं तरी पोर रडतंय,
कंडक्टर सुट्टे मागतोय.
पोहोचले मामा.

"इतल्यामा?"
थोडा वेळ नुसती गाडीच ऐकू आली.
"मी आते एरंडोलले शे.
खिया टोची ऱ्हायना खिसामा."